मेंढराच्या गेमची सर्वसाधारण सभा

"मग सभा घ्या," एवढंच आबा म्हणाले आणि तिथंच सगळं बिघडलं. दुसरा कुणी असता तर भाकरी खाऊन गप पडला असता. पण सर्जेरावआबांना गप बसता आलं असतं तर त्यांच्या निम्म्या भानगडी झाल्याच नसत्या. (आणि उरलेल्या निम्म्यांना त्यांच्या भावानं, गेणूनं, 'बरुबर' म्हणून हवा दिली नसती.)

भानगड होती टीव्हीवरच्या गेमची. हसू नका. लोणी भापकरच्या माळावरच्या त्या वस्तीत ऊसतोडीवरनं, बांधावरनं, पाण्याच्या पाळीवरनं जेवढी भांडणं झाली नाहीत, तेवढी त्या गेमवरनं झाली.

आबांचा जन्म मेंढरामागं गेला. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणाकडं उतरायचं आणि पाऊस लागला की माळावर परत यायचं. त्यांचा संसार झाला तो सगळा पावसाळ्यात. बाकीच्यांच्या बायका घोड्यावर भांडीकुंडी लादून कळपासंगं जायच्या. विजयमालाबाईंना मात्र आबांनी कधी नेलं नाही. "तुला झेपायचं न्हाय," म्हणायचे. बाई घरी सासूची उस्तवार करत आणि कांद्याला पाणी देत बसल्या. पुढं आबांचे गुडघे गेले, मेंढरं विकली, रानात ऊस आला, आणि आबा कायमचे घरी आले. नवरा-बायकोला एकमेकांशी बोलायचं काय, हेच सुचेना. आबा "पाऊस न्हाय" म्हणायचे, बाई "न्हाय" म्हणायच्या. झालं, दिवस संपला.

अशात दोन वर्षांमागं त्यांच्या मुलानं, शंभूराजनं, टीव्हीला जोडायचा गेम आणला. शंभूराज इंदापूरकडच्या लोणी देवकरला फॅक्टरीत होता, तिकडंच एकटा खोली करून राहायचा आणि सुट्टीला घरी यायचा. गेमच्या कॅसेटवर कुठल्या मुलखाची अक्षरं होती कुणास ठाऊक. घरात त्याला 'मेंढराचा गेम' म्हणत, कारण त्यात मेंढरं होती. म्हणजे पांढरे ठिपके होते. एक काठीवाला होता, तो म्हणजे एकावर एक ठेवलेले चार चौकोन. ठिपके हाकत हाकत नदी, पूल, विहीर पार करून वाड्यात, म्हणजे मेंढरांच्या कुंपणात, कोंडायचे. मधे लांडगा यायचा, तो दिसायचा चपलेसारखा. दुसऱ्या रिमोटवर कुत्रं होतं, ते काठीवाल्याच्या मागं-पुढं पळायचं.

आबांनी काठी घेतली आणि बाईंच्या हातात कुत्रं दिलं. त्या दिवसापासनं दिवेलागणीला दोघं टीव्हीपुढं बसू लागली. "घे, घे, डावीकडनं घे!" "अवो, आलं की लांडगं!" "आगं मेलं, मेलं!" एवढं बोलणं त्या दोघांत सबंध आयुष्यात झालं नव्हतं. आबांच्या दृष्टीनं दिवस आता दिवेलागणीलाच उजाडायचा. पण हे कबूल कोण करणार? विचारलं तर म्हणायचे, "टाईमपास. दुसरं काय."

आणि मग बोनसच्या जोरावर शंभूराजनं इंदापूरच्या दुकानातनं नवं मशीन आणलं. त्यात कॅसेट नव्हती, चकती होती. आणि चकतीवर तोच मेंढराचा गेम, पण कंपनीनं नव्यानं बनवलेला. दुकानदारानं आठ दिवस बघायला दिला होता. पसंत पडला तर ठेवायचा, पण जुना संच एक्स्चेंजमध्ये परत द्यायचा, ही त्याची अट.

पहिल्या दिवशीच फाळणी झाली.

"आबा, लोकर बघा की," शंभूराज म्हणाला, "वाऱ्यानं कशी हालतीया!"

"लोकर वाऱ्यानं हालत नसती," आबा म्हणाले. "ती मळानं चिकटल्याली असती. हे मेंढरू श्याम्पूनं धुतल्यालं हाय."

"आन् हा लांडगा? खरा लांडगा वाटतोय का न्हाय?"

"आधीचा बरा हुता. चपलेसारखा असला तरी त्याची भीती वाटायची. ह्यो दात घासून आल्यावानी दिसतोय."

"आन् गाणं?" हे बोलला म्हस्कू. हा शेजारच्या वस्तीवरचा. रोज संध्याकाळी येऊन बसायचा. त्यानं जन्मात रिमोट हातात धरला नव्हता, पण मत त्याचं सगळ्यांत पक्कं. "जुन्यात टिंग टिंग टुंग वाजायचं. लांडगा याच्या आधी नुसतंच टुंग टुंग व्हायचं, आन् छातीत धडधडायचं. ह्यात बासरी वाजतीया. लांडगं काय बासरी वाजवीत येतंय व्हय?"

"बरुबर!" गेणू म्हणाला. गेणू हा आबांचा सख्खा धाकटा भाऊ, पण तोही त्यांना आबाच म्हणायचा. आबा जे म्हणतील त्यापुढं 'बरुबर' लावणं हे त्याचं आयुष्यभराचं काम.

पण खरी आग लागली ती विहिरीवरनं. जुन्या गेममध्ये विहिरीच्या कोपऱ्यात काठीवाल्याला दाबून धरलं की एक मेंढरू भिंतीत अडकायचं आणि बाहेर येताना दोन होऊन यायचं. ही युक्ती आबांनी स्वतः शोधलेली. 'विहिरीवर मेंढी वीती' असं ते पाव्हण्यारावळ्यांना बोलावून दाखवायचे. नव्यात त्यांनी काठीवाला कोपऱ्यात दाबून दाबून अंगठा लाल केला, मेंढरू एकाचं एकच.

"आबा, ती गेम बनवणाऱ्याची चूक हुती," शंभूराज म्हणाला. "आता त्यांनी ती काढून टाकली."

"चूक?" आबा उठून उभे राहिले. "मेंढी व्याली, ही चूक? आरं, असला वांझ कळप कुणी फुकट दिला तरी मी घेतला नसता!"

"बरुबर!" गेणू म्हणाला.

"पण ह्यात मेंढरं बुडाली तर मागच्या पुलापासनं परत खेळता येतं, आबा." हे सूनबाई सुकन्या म्हणाली. बावड्याची पोर, बारावी शिकलेली, आवाज कधी चढायचा नाही. "पहिल्यापासनं सुरू करायला नको."

"बुडाल्यालं मेंढरू परत येतं? मग राखायचं कशाला? घोंगडं घेऊन झोपावं की!"

"आबा, खरं सांगा," शंभूराजनं शेवटचं हत्यार काढलं. "दोन वर्सं खेळताय. जुन्यातला शेवटचा वाडा कधी दिसला का तुमाला?"

नव्हता दिसला. प्रत्येक वेळी शेवटच्या नदीत कळप वाहून जायचा आणि पुन्हा पहिल्या पुलावर यावं लागायचं. खऱ्या प्रश्नाला आबांकडं एकच उत्तर असायचं, आरडाओरड. ते ओरडले, शंभूराज ओरडला, गेणू 'बरुबर' ओरडला, म्हस्कू कुणाचंच न ऐकता टुंग टुंग वाजवून दाखवू लागला. आणि त्या गोंधळात आबा म्हणाले, "मग सभा घ्या!"

आता हे दुसऱ्या मुलखात कुणाला सुचलं नसतं. पण आमच्या भागात माणूस पाळण्यातनं उतरला की सोसायटीचा सभासद होतो. साखर कारखान्याची सभा, दूध डेअरीची सभा, पाणीवाटपाची सभा. दोन भाऊ वेगळे निघायचे तरी आधी अध्यक्ष कोण हे ठरतं. आबांनी मनात मतं मोजून ठेवली होती. आपण, गेणू आणि बायको. तिकडं शंभूराज आणि सून. म्हस्कूला मत द्यायचं का नाही यावर वाद झाला असता, पण तो आपलाच. मग भ्यायचं कशाला?

शंभूराजच्या पुढच्या सुट्टीला, दुकानदारानं आणखी चार दिवस दिल्यामुळं, लिंबाखाली सतरंजी अंथरली गेली. एक टेबल आलं, त्यावर टेबलक्लॉथ आला, आणि म्हस्कूनं स्वतःच्या घरनं पाण्याचा तांब्या आणला. गेणूनं सुचवलं की अध्यक्षस्थान सर्जेरावआबांनी स्वीकारावं. म्हस्कूनं अनुमोदन दिलं. सुकन्यानं आबांच्या गळ्यात हार घातला. हे मात्र आबांना भारी आवडलं. हार पडल्यावर ते टेबलामागं असे काही बसले की लग्नात कुणी नवरदेव बसला नसेल. सचिव म्हणून सुकन्याच, कारण तिचे वडील बावड्याला सोसायटीचे सचिव होते आणि सभेत विषय कसे वाचतात हे तिला तोंडपाठ.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आबा गावच्या सोसायटीच्या सभेला कायम पहिल्या रांगेत बसत. सचिवानं विषय वाचायला तोंड उघडलं रे उघडलं की आबांचा 'मंजूर!' मंडपातनं बाहेर पडून पार रसवंतीपर्यंत जायचा. सगळ्यांत आधी आपला आवाज निघाला पाहिजे, हा त्यांचा नेम. कशाला मंजुरी दिली ते घरी आल्यावर दुसऱ्या कुणाकडनं कळायचं. कधी कळायचंही नाही. त्यांना कोण विचारतंय? सभा झाली, जिलेबी खाल्ली, मोकळं.

सुकन्यानं पदर सावरला आणि सुरू केलं. एका सुरात, एका दमात, मधे कुठं खड्डा नाही का वळण नाही.

"विषय क्रमांक एक. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे."

"मंजूर!" आबा म्हणाले. (मागची सभा झालीच नव्हती.)

"विषय क्रमांक दोन. आजच्या सभेच्या चहापाण्याच्या खर्चास मान्यता देणे."

"मंजूर, मंजूर!" आबा म्हणाले. हार मानेला गुदगुल्या करत होता. वारा सुटला होता. सगळं कसं छान चाललं होतं.

"विषय क्रमांक तीन. वस्तीवरील जुना मेंढराचा गेम, दोन्ही रिमोट व वायरसह, एक्स्चेंज योजनेखाली दुकानदारास परत देऊन त्याबदली..."

"मंजूर!"

हा आवाज आबांचा होता. नेहमीसारखा, सगळ्यांत आधी, रसवंतीपर्यंत जाणारा.

पाठोपाठ गेणू म्हणाला, "मंजूर!" आबांनी मंजूर म्हटल्यावर त्यानं दुसरं काय म्हणायचं?

शंभूराज उभाच राहिला होता. त्यानं येताना एस.टी.त भाषण पाठ केलं होतं, ते त्याच्या तोंडातच राहिलं. म्हस्कूच्या हातातला तांब्या अर्ध्या वाटेत थांबला. आबांचं तोंड अजून उघडंच होतं.

"आबा," शंभूराज हळूच म्हणाला, "तुमी काय म्हणला?"

"मी... मी म्हणलो, पुरं वाच."

"न्हाय, मंजूर म्हणला तुमी. रस्त्यानं जाणाऱ्या टेम्पोवाल्यानं वळून बघितलं."

"आरं, पण माझा तसा अर्थ न्हवता!"

"आबा, ठराव झाला," सुकन्या नम्रपणे म्हणाली. "फेरविचार करायचा तर पुढच्या सभेत ठेवावा लागंल."

"मग ठेव की! पुढची सभा कवा?"

"पुढच्या वर्षी. ही वार्षिक हाय."

आबांनी तिच्याकडं निरखून बघितलं. "सूनबाई, हे तू मुद्दाम केलंस."

"मी कुठं काय केलं, आबा? आमचे वडील म्हणायचे, खरा विषय चहाच्या खर्चानंतर ठेवावा. तवर सभासद रंगात आल्याले असत्यात."

मग आबांनी बोलावं तरी कुणाला? गेणूला बोलले तर तो 'बरुबर' म्हणाला असता. ते वळले विजयमालाबाईंकडं. बाई सतरंजीच्या कडेला लसूण सोलत बसल्या होत्या.

"आन् तू? तुला उठून नको म्हणता येत न्हवतं? तुझं मत हुतं न्हवं?"

"मला कुणी इचारलं?" बाई म्हणाल्या.

"त्यात इचारायचं काय? रोज माझ्यासंगं खेळतीस तू!"

"खेळते?" बाईंनी लसणाची पाकळी खाली ठेवली. "दोन वर्सं कुत्रं झाले तुमचं. हिकडं पळ, तिकडं पळ. एकदा तरी काठी दिली का हातात?"

आबा गडबडले. "मग बोलायचं हुतंस की."

"त्या कुत्र्याला भुंकाया येतं, बोलाया येत न्हाय."

म्हस्कूला हसू आलं, त्यानं ते पाण्याबरोबर गिळलं. बाईंचं अजून संपलं नव्हतं.

"नव्यात दोघांस्नी दोन काठ्या मिळत्यात. सुकन्यानं दाखवलंय मला. मला नवाच पायजे हुता. तुमी मंजूर म्हणला ते बरं केलं, न्हायतर मला हात वर करावा लागला असता. तुमच्या इरुद्ध. चार माणसांत." त्या उठल्या. "जल्मभर कळप घेऊन गेला, पर एकदा म्हणला का, चल माझ्यासंगं? म्हणं झेपायचं न्हाय!"

आणि लसूण घेऊन घरात गेल्या. सभा तिथंच संपली. आभार मानायचे राहून गेले.

जुना संच पोत्यात बांधून शंभूराज इंदापूरला घेऊन गेला. आबांनी जाहीर केलं की नव्या गेमला हात लावला तर सर्जेराव नाव सांगणार नाही. आणि त्यांनी ते पाळलंही. दिवेलागण झाली की ते अंगणातल्या बाजेवर, टीव्हीकडं पाठ करून बसत. आत बासरी वाजायची. विजयमालाबाई आत एकट्या काठी चालवायच्या. आधी आधी नुसतंच "आगं बया, गेलं पाण्यात" असं ऐकू यायचं. आबांना बरं वाटायचं. म्हणायचे, "बुडू द्या. परत येत्यात म्हणं तिथली."

पण हे बरं वाटणं काही टिकेना. बाजेवर बसून माणूस किती वेळ पाठ करून बसणार? बोलायला गेणू होता, पण ते बोलणं भिंतीवर चेंडू मारल्यासारखं, आपलंच परत येणार. आबांना कळून चुकलं होतं की गेम गेला याचं त्यांना एवढं वाईट वाटत नव्हतं. दिवेलागणीला "आगं मेलं, मेलं!" म्हणायला शेजारी कुणी नव्हतं, ते सलत होतं. आणि ते सांगायला तोंड कुठलं? तोंडानंच तर घात केला होता.

एके संध्याकाळी असेच बसले होते. आत बासरी, पाण्याची खळखळ, मेंढरांचं बें बें. नव्या गेममधली मेंढरं खरोखरीची ओरडायची, हे एवढंच आबांनी मनातल्या मनात मान्य केलं होतं. आणि एकाएकी त्यांची मान वळली. त्या सगळ्या बें बेंमध्ये एक आवाज वेगळा होता. बारीक, तुटक, वर चढणारा.

"अगं!" आबा ओरडले. "कोकरू मागं राहिलंय तुझं!"

"कुठं?" आतनं आवाज आला. "सगळी हायत की फुडं!"

"न्हाईत सगळी! आईला हाका मारतंय ते. पाण्याच्या अंगाला. खळखळ ऐकू येतीया त्याच्या मागं. झुडपात बिडपात बघ!"

आत बटणांची टकटक झाली. मग बाई ओरडल्या, "अवो, घावलं! घावलं! करवंदीच्या जाळीत हुतं!"

"घावणारच!" आबा बाजेवरनं उठलेसुद्धा होते. "आता त्याला मधे घाल. कडंला ठेवू नको, परत मागं राहील. आन् म्होरक्या मेंढा कुठाय?"

ते दारापर्यंत आले आणि उंबऱ्यावर थांबले. पडद्यावर उन्हं उतरलेली. हिरवा माळ, नदी, आणि कळप. कोकरू धावत जाऊन आईच्या पोटाखाली शिरलं, ढुशी दिली, शेपूट हलवली. जुन्या गेममध्ये हा एक ठिपका दुसऱ्या ठिपक्याला चिकटला असता. आबा बघतच राहिले. गुडघे गेल्यापासनं असलं काही त्यांनी बघितलं नव्हतं.

विजयमालाबाईंनी वळून बघितलं. त्या 'बघा, आवडलं ना' म्हणाल्या नाहीत. दुसरा रिमोट उचलला आणि पुढं केला.

"ह्या काठीला तुमचाच हात बरा. चला माझ्यासंगं."

आबा आत जाऊन बसले. सुकन्यानं चहा टाकला. गेणू येऊन भिंतीला टेकला. म्हस्कू दारातनं म्हणाला, "आबा, तुमी पण?" पण त्याच्याकडं कुणी बघितलं नाही.

आता इथं थांबलो असतो तर आबांची अब्रू राहिली असती.

पण जुन्या रिमोटला होती दोन बटणं, आणि नव्याला बोटांपेक्षा जास्त. आबांनी पुढं जायचं बटण म्हणून दाबलं, काठीवाल्यानं नदीत उडी मारली. पाठोपाठ त्यांच्या हिश्शाची मेंढरं. पुन्हा मागच्या पुलावरनं सुरू. या वेळी शिट्टी मारायला गेले आणि म्होरक्याला काठी हाणली. तो बिथरला, सगळा कळप पुन्हा पाण्यात. तिसऱ्या खेपेला आबा एकटेच बुडाले आणि मेंढरं काठावर उभी राहून बघत राहिली. बाईंचा कळप तवर पलीकडं चरत होता.

"जल्म गेला माझा मेंढरामागं!" आबा रिमोटला सांगत होते. "तुला काय ठावं!"

तेवढ्यात पडदा निळा झाला आणि त्यावर इंग्रजी अक्षरं उमटली.

"थांबा!" आबा खूष झाले. "काहीतरी बक्षीस लागलं बघ. सूनबाई, काय म्हणतंय?"

सुकन्यानं वाचलं. मग सासूकडं बघितलं. मग पदर तोंडाला लावला.

"आबा, ते इचारतंय... तुमच्यासाठी सोपा डाव लावू का? बारक्या पोरांचा असतो तसला."

"त्याला सांग, सर्जेराव म्हणत्यात मला! कोकणापातूर कळप..."

पण विजयमालाबाईंनी बटण दाबलं होतं. त्यांना विचारायची गरज वाटली नाही. त्यांचा कळप वाट बघत होता, आणि पुढची नदी मोठी होती.

पडदा परत उजळला. हिरव्या माळावर दोन काठीवाले शेजारी शेजारी उभे होते. बाईंच्या काठीवाल्याला झक्क पटका. आणि आबांच्या काठीवाल्याच्या डोक्यावर, सोपा डाव खेळणारा ओळखू यावा म्हणून कंपनीनं घातलेली, गळ्याखाली नाडी बांधलेली, पिवळी, गोंड्याची, तान्ह्या पोराची कुंची.

आबांनी पडद्याकडं बघितलं, बाईंकडं बघितलं, मग मुकाट्यानं काठी पुढं केली. या वेळी एकही मेंढरू बुडालं नाही.

आणि भिंतीला टेकलेला गेणू, ज्यानं जन्मात आबांच्या आधी तोंड उघडलं नव्हतं, तो पहिल्यांदाच आपल्या मनानं काहीतरी बोलला.

"आबा," तो म्हणाला, "शोभतीया तुमाला."